नटाचा मान : लोकांनीं दिलेली पदवी व राज्यानें दिलेलें पदक

गेल्या उन्हाळ्यांत जुन्या पोथ्यांच्या शोधार्थ वर्धा जिल्ह्यांतील एका गांवीं आम्हांस जाण्याचा योग आला. यजमानांनीं मोठ्या आस्थेनें घरांतील दप्तर आमच्यापुढें मांडलें. त्यांत दोनतीन स्तोत्रांच्या पोथ्या, कांहीं जुनीं पंचांगें आणि चांदीची एक नक्षीदार नळी होती. त्या घराण्यांतील एका हौशी नटास गांवकर्‍यांनीं पूर्वीं मानपत्र अर्पण केलें होतें व तें या नळींत घालून दिलें होतें, असें यजमान म्हणाले. मानपत्र पाहावें म्हणून आम्हीं नळी उघडली, तों ती रिकामी! “कागदास वाळवी लागली, म्हणून तो टाकून दिला, चांदी तेवढी ठेविली,” असें उत्तर मिळालें. नट कोणत्या भूमिकेसाठीं गौरविला गेला, मान कोणीं दिला, तिथि कोणती, सह्या कोणाच्या, हें सर्व त्या कागदाबरोबर गेलें. पात्र राहिलें आणि पत्र गेलें.

या प्रसंगामुळें एक प्रश्न आमच्या मनांत घोळूं लागला. नटाची कला प्रयोगाबरोबर संपते. मागें उरतात ते त्याला मिळालेले मानसन्मान. मग या मानांस इतिहासाचें साधन म्हणून किती किंमत द्यावी? कोणाचा मान अधिक प्रमाण, राजाचा कीं प्रेक्षकांचा? या प्रश्नाचा विचार करण्यास नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांच्या चरित्राइतकें सोयीचें दुसरें उदाहरण आम्हांस दिसत नाहीं; कारण लोकदत्त पदवी, संस्थानिकांचा आश्रय, नाट्यसंस्थेचें पदक व सार्वभौम राज्याचा किताब, हे चारहि प्रकार त्यांच्या वांट्यास आले.

प्रथम शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. भरताच्या नाट्यशास्त्रांत सिद्धीचें विवेचन करणारा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत प्रयोगाच्या यशाचे दैवी व मानुषी असे दोन भेद केले आहेत. प्रेक्षागृह पूर्ण भरलेलें असावें आणि तरीहि गलबला, क्षोभ वा उत्पात कांहीं नसावा, ही दैवी सिद्धि. प्रेक्षकांचें स्मित, हास्य, ‘साधु साधु’ असे उद्गार, अंगावर उभे राहणारे रोमांच, आसनावरून उठणें आणि नटाकडे वस्त्रें फेंकणें, ही मानुषी सिद्धि. पुढें नटानटांत स्पर्धा लागल्यास विजयी नटास पताका द्यावी, असें विधान आहे. त्या स्पर्धेचे परीक्षक, म्हणजे प्राश्निक, दहा प्रकारचे सांगितले आहेत : यज्ञवेत्ता, नर्तक, छंदोवेत्ता, वैयाकरण, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, गणिका, गंधर्व व राजसेवक. त्यांच्या साहाय्यास लेखक व गणक बसवावेत, असेंहि म्हटलें आहे. राजा हा या दहांपैकीं एक आहे, एकटा नव्हे. आणि दोषगुणांची नोंद लिहून ठेवणारा मनुष्य सभेंत असलाच पाहिजे, हे दोन मुद्दे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे.

राजाच्या एकट्याच्या निवाड्यावर कां विसंबूं नये, याचें उत्तर कालिदासानें मालविकाग्निमित्रांत विनोदानें दिलें आहे. गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, हा वाद राजापुढें येतो आणि परिव्राजिकेस मध्यस्थ नेमून शिष्यांच्या प्रयोगावरून त्याचा निर्णय व्हावयाचा ठरतो. परंतु राजाचें लक्ष आचार्यांच्या विद्येकडे नसून मालविका दृष्टीस पडावी याकडे असतें. राजसभेंतील गुणग्राहकता कित्येकदां दुसर्‍याच हेतूनें चालते, हें कवीस पक्कें ठाऊक होतें.

अर्वाचीन मराठी रंगभूमीचा आरंभ राजाश्रयानेंच झाला. ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं विष्णुदास भावे यांनीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें तें चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें. १८५१ साली चिंतामणराव वारले, आश्रय तुटला, भाव्यांनीं मंडळी घेऊन गांवोगांव फिरण्यास आरंभ केला. तेव्हांपासून नटाचा मुख्य परीक्षक तिकीट काढून बसलेला प्रेक्षक झाला. गणपतराव जोशी यांस ‘नटसम्राट’, केशवराव भोसले यांस ‘संगीतसूर्य’, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांस ‘नाट्याचार्य’ म्हणूं लागले ते लोकच. या पदव्यांस सनद नाहीं, शिक्का नाहीं. तरी त्या टिकल्या.

‘बालगंधर्व’ ही पदवी याच जातीची. पण तिची हकीकत थोडी निराळी आहे. नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. सुमारें दहा वर्षांचें वय असतां त्यांचें गाणें पुण्यांत लोकमान्य टिळकांनीं ऐकलें व ‘हा तर बालगंधर्व’ अशा अर्थाचे उद्गार काढले, अशी परंपरा आहे. येथें एक विशेष असा कीं, देणारा पुरुष स्वतःच लोकदत्त पदवीनें ओळखला जाणारा होता. ‘लोकमान्य’ ही पदवी कोणत्याहि सरकारनें दिलेली नव्हती. म्हणजे लोकांनीं ज्यास मान्यता दिली त्यानें दुसर्‍यास मान्यता दिली. शिवाय शब्दहि नेमका होता. गंधर्व म्हणजे देवांचा गायक. आणि वर सांगितल्याप्रमाणें भरताच्या दहा प्राश्निकांतहि गंधर्वास स्थान आहे.

पदवी लहानपणीं मिळणें हें एक प्रकारचें ऋणच होय. जन्मभर तें फेडावें लागतें. १९०१ साली भाऊराव कोल्हटकर निवर्तल्यावर किर्लोस्कर नाटक मंडळीस स्त्रीभूमिका गाऊन करणार्‍या नटाची उणीव भासत होती. कोल्हापूरचे छत्रपति शाहू महाराज यांची नारायणरावांवर कृपा होती. १९०५ साली ते मंडळींत आले व शकुंतलेच्या भूमिकेंत प्रथम उभे राहिले. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० साली ज्या शाकुंतलानें संगीत रंगभूमि उभी केली, त्याच नाटकांत या नटाचा उदय व्हावा, हा योग संस्कृताभ्यासकांस विशेष आनंद देणारा आहे. विद्वानांचा परितोष होईपर्यंत आपलें प्रयोगज्ञान पुरें झालें असें मानूं नये, ही त्या नाटकाच्या प्रस्तावनेंतील सूत्रधाराची भूमिका या नटानें पुढें आचरून दाखविली.

१२ मार्च १९११ रोजीं खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशीं नारायणरावांची मुलगी वारली. प्रयोग पुढें ढकलला गेला नाहीं; भामिनी रंगभूमीवर आली. या गोष्टीचा उल्लेख पुष्कळांनीं केवळ धैर्याचें उदाहरण म्हणून केला आहे. आम्हांस ती मानाच्या प्रश्नाशीं निगडित वाटते. तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकानें दिलेला मान केवढ्या किंमतीस पडतो, हें त्या रात्रीनें ठरविलें.

१९१३ साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. येथें पदवी व्यक्तीची राहिली नाहीं. ती संस्थेचें नांव झाली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रयहि मंडळीस लाभला. ‘स्वयंवरां’तील रुक्मिणी १९१६ सालची. राम गणेश गडकरी आमच्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यांत सावनेर येथें जानेवारी १९१९ मध्यें निवर्तले. त्यांचें ‘एकच प्याला’ गंधर्व मंडळीनें त्याच वर्षीं रंगभूमीवर आणलें. भरजरी शालू नेसणारा नट त्यांत दरिद्री सिंधूच्या वेषानें उभा राहिला, आणि लोकांनीं त्यासहि तोच मान दिला.

आतां १९२१ या वर्षाकडे वळूं. कारण आमच्या प्रश्नाचा उलगडा तेथें होतो असें आम्हांस वाटतें. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजीं कैलासवासी झाले होते. त्यांच्या नांवें एक कोटी रुपयांचा स्वराज्य फंड उभारण्याचा संकल्प राष्ट्रसभेनें सोडला. याच फंडासाठीं ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस संयुक्त ‘मानापमाना’चा प्रयोग झाला. गंधर्व मंडळी व ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एकत्र आल्या. केशवराव भोसले धैर्यधर झाले व नारायणराव भामिनी. भरतानें वर्णिलेली पताकेची स्पर्धा जणूं समोर उभी होती; पण पताका कोणीच मागितली नाहीं. ज्या पुरुषानें बालपणीं पदवी दिली, त्याच्या स्मारकासाठीं पदवीधारकानें गाऊन द्रव्य मिळवून दिलें. दुर्दैवानें केशवराव त्याच वर्षीं ४ ऑक्टोबर रोजीं वारले.

त्याच १९२१ साली आमच्या वर्ध्यांत काय घडत होतें? शेठ जमनालाल बजाज यांस सरकारनें ‘रायबहादुर’ केलें होतें. असहकारितेच्या चळवळींत त्यांनीं तो किताब परत केला. वकिली सोडणार्‍यांच्या निर्वाहासाठीं याच टिळक फंडास त्यांनीं एक लाख रुपये दिले. म्हणजे एका फंडाच्या दोन दात्यांकडे पाहतां दोन पदव्यांचें भवितव्य स्पष्ट होतें. सरकारनें दिलेली पदवी परत करतां आली. परत करणेंच भूषणास्पद ठरलें. बालगंधर्व ही पदवी परत करावयाची म्हटली तरी कोणाकडे करणार? ती देणारा निवर्तला होता आणि तिला संमति देणारे हजारों लोक प्रेक्षागृहांत बसलेले होते.

परंतु लोकांचा मान अक्षय्य असतो असेंहि आम्ही म्हणत नाहीं. त्याच दशकांत मंडळी मोठ्या कर्जांत सांपडली. पुढें बोलपट आले. १९३५ साली प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटांत नारायणरावांनीं एकनाथांची भूमिका केली. पण पडद्यावर त्यांचें मन रमलें नाहीं. वय वाढलें, पाय अधू झाले. गांवोगांवच्या ज्या श्रीमंतांनीं शेले पांघरविले, त्यांस या नटाच्या म्हातारपणाची तरतूद सुचली नाहीं. मानुषी सिद्धींत वस्त्रदान आहे, वृत्तीची नेमणूक नाहीं. हें लोकमान्यतेचें वैगुण्य मान्य केलें पाहिजे.

ही उणीव अंशतः तरी भरून काढली ती स्वातंत्र्योत्तर काळांतील संस्थांनीं. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांस १९५५ साली मिळाला. सांगलीच्या अखिल महाराष्ट्र नाट्यविद्या मंदिर समितीनें १९६० साली विष्णुदास भावे यांच्या नांवें गौरवपदक सुरू केलें, त्याचे पहिले मानकरी नारायणरावच. १९६४ साली भारत सरकारनें ‘पद्मभूषण’ दिलें. राजा गेला, त्याचे जागीं लोकनियुक्त राज्य आलें, आणि पताका देण्याचा अधिकार त्याच्याकडे गेला, असा हा क्रम आहे.

मात्र या राज्यानें स्वतःवर एक मर्यादा घालून घेतली आहे. घटनेच्या अठराव्या अनुच्छेदानें पदव्या नाहींशा केल्या. आणि १९९५ सालच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें पद्म सन्मान घटनाबाह्य नाहींत असें ठरवितांना, ते नांवामागें वा पुढें पदवीसारखे लावतां येणार नाहींत असेंहि स्पष्ट केलें. नारायणरावांच्या बाबतींत याचा परिणाम पाहण्याजोगा आहे. राज्याचा सन्मान नांवास चिकटूं शकत नाहीं. लोकांची पदवी मात्र नांवास चिकटली, इतकेंच नव्हे तर तिनें मूळ नांव झांकून टाकलें. राजहंस हें आडनांव आज किती जणांस आठवतें?

पुणें येथील रंगमंदिराचा दाखला याच अर्थाचा. ८ ऑक्टोबर १९६२ रोजीं त्याची कोनशिला खुद्द नारायणरावांच्या हस्तें बसली. १५ जुलै १९६७ रोजीं त्यांचा अंत झाला. रंगमंदिर उघडलें तें २६ जून १९६८ रोजीं, त्यांच्या जन्मदिनीं. त्यावर नांव आहे तें ‘बालगंधर्व’ हेंच.

या विवेचनांतून संग्राहकांस उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी सांगतों. पहिली : लोकदत्त पदवी फार लवकर पसरते, म्हणून ती एकटी पुरावा होऊं शकत नाहीं. रामभाऊ कुंदगोळकर ‘सवाई गंधर्व’, सौदागर नागनाथ गोरे ‘छोटा गंधर्व’, शिवपुत्र कोमकळी ‘कुमार गंधर्व’. केवळ ‘गंधर्व’ एवढेंच वाचतां येणारें फाटकें हस्तपत्रक हातीं आल्यास तें कोणाचें, हें नाटकाचें नांव, मंडळी, नाट्यगृह व छापखाना यांवरूनच ठरवावें. वार व तिथि दिली असेल तर पंचांगाशीं ताडून सन काढतां येतो; आमच्याकडे जुनीं पंचांगें रद्दींत घालतात, तें याकरितां तरी घालूं नयेत.

दुसरी : राज्याच्या सन्मानाची नोंद राज्य ठेवतें, त्याची चिंता आपण न केली तरी चालेल. लोकांच्या मानाची नोंद लोकांनींच ठेविली पाहिजे. हस्तपत्रकें, नाटकांच्या पद्यावल्या, छायाचित्रांच्या पाठीवरील मजकूर, पदकांवर कोरलेलीं अक्षरें आणि विशेषेंकरून मानपत्रें, हीं भरताच्या सभेंतील लेखकाचें काम करतात. बालगंधर्वांसारख्या थोर नटाचें नांव इमारतीवर राहतें. पण हिंगणघाट, आर्वी, पुलगांव, देवळी येथें उत्सवाच्या मांडवांत ज्यांनीं आयुष्यभर भूमिका केल्या, त्यांची साक्ष देण्यास एखादा कागदच असावयाचा.

वर सांगितलेल्या घरून निघतांना आम्हीं यजमानांस विनंति केली कीं, मानपत्रांतील जें कांहीं कोणास आठवत असेल तें आतांच लिहून त्या नळींत ठेवावें, व लिहिणाराचें नांव आणि तारीख खालीं घालावी. त्यांच्या वृद्ध मातोश्रींस दोन ओळी पाठ होत्या. त्या आम्हीं तेथेंच उतरून घेतल्या, खालीं त्यांचा अंगठा घेतला आणि कागद नळींत घातला. मूळ साधनाची सर त्यास येणार नाहीं; तथापि नळी आतां रिकामी नाहीं. वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं नटांस दिलेलीं अशीं मानपत्रें असल्यास त्यांनीं त्यांच्या नकला करून मंडळाकडे पाठवाव्या, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.