‘केदा मर्चंट’ जहाजाचा धनी कोण?

अचलपुरास बसून समुद्रावरील गोष्ट लिहावी हे वाचकांस काहीसे विपरीत वाटेल. सापन आणि बिचन या दोन नद्यांपलीकडे आमच्या गावास पाण्याचा परिचय नाही. परंतु मोगली अमदानीत वऱ्हाड सुभ्याचे हे ठाणे बऱ्हाणपूरच्या वाटेने सुरतेशी जोडलेले होते, आणि सुरतेचा व्यापार अडला म्हणजे त्याची कळ देशावर दूरवर पोचे. शिवाय ज्या प्रकरणाचा विचार येथे कर्तव्य आहे, त्यातील फिर्यादीचे शेवटचे ठिकाण समुद्रकाठी नव्हे, तर भीमेच्या काठी होते. १६९५ पासून १६९९ पर्यंत औरंगजेबाची छावणी मंगळवेढ्यानजीक, माचणूरपाशी, ब्रह्मपुरीस पडलेली होती, व त्या स्थळास त्याने इस्लामपुरी हे नाव दिले होते. १६९८ साल म्हटले म्हणजे आमच्या वाचकांस जिंजीचा पाडाव आठवतो. त्याच वर्षाच्या आरंभी मलबारच्या किनाऱ्याजवळ घडलेली एक गोष्ट मात्र मराठीत फारशी कोणी सांगितलेली नाही.

३० जानेवारी १६९८ रोजी बंगालचा माल भरून सुरतेकडे परतणारे ‘केदा मर्चंट’ नावाचे जहाज कोचीनच्या बाजूस विल्यम किड या इंग्रज कप्तानाने धरले. जहाजावर रेशीम, मलमल, साखर, अफू, लोखंड, सोरा असा नाना प्रकारचा माल होता. किडपाशी इंग्लंडच्या विल्यम राजाची सनद होती. फ्रेंचांची जहाजे व समुद्रावरील चाचे यांस धरावे, आणि धरलेले जहाज बोस्टन येथे आणून रुजू करावे, असा तिचा भाव. किडने फ्रेंच निशाण चढवून जहाजास थांबविले. फसलेल्या मंडळींनी एका म्हाताऱ्या फ्रेंच गोलंदाजास कप्तान म्हणून पुढे केले व फ्रेंच कंपनीच्या अधिकाऱ्यांचा परवाना दाखविला. तो परवाना हातात येताच किडने जहाज आपले म्हणून सांगितले.

आता जहाजावर कोण कोण होते ते पाहावे. खरा कप्तान राइट नावाचा इंग्रज, दोघे डच, तो एक फ्रेंच गोलंदाज, काही अर्मेनियन सौदागर, आणि उरलेले सुमारे नव्वद खलाशी मुसलमान. जहाज अर्मेनियनांनी भाड्याने घेतलेले होते, माल बव्हंशी त्यांचा, आणि काही भाग मोगल दरबारातील मुखलिसखान या उमरावाचा होता. म्हणजे तांडेल एका राष्ट्राचा, परवाना दुसऱ्याचा, माल तिसऱ्याचा, आणि बंदर चौथ्याचे! अर्मेनियनांनी २०,००० रुपये देऊ करून जहाज सोडवू पाहिले. ही रक्कम थोडी म्हणून किडने ती नाकारली. पुढे त्याने पुष्कळसा माल त्याच किनाऱ्यावर विकून टाकला.

या प्रकरणावर पाश्चात्य ग्रंथकारांनी विपुल लिहिले आहे. पण त्यांचा प्रश्न एकच असतो, तो हा की किड चाचा होता की नव्हता. फ्रेंच परवाना हाती लागल्यामुळे जहाज शत्रूचे ठरते, सबब किड निर्दोष, असे त्याचे कैवारी म्हणतात. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हे. १७०१ च्या मे महिन्यात लंडनमध्ये त्याची चौकशी झाली तेव्हा तो ते परवाने मागत राहिला. ते त्याने पूर्वीच गव्हर्नर बेलोमाँटच्या हवाली केले होते व तेथून ते लंडनला गेलेले होते. तथापि न्यायासनापुढे ते आलेच नाहीत. ते विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या सरकारी दप्तरात सापडले. मनुष्याचे प्राण ज्यावर अवलंबून, तो कागद दोनशे वर्षे फडताळात पडून राहावा, हे दप्तरे चाळणाऱ्या आम्हा लोकांस विशेष लागते.

परंतु आमच्या मते परवान्यावर एवढा भार घालणे हीच मुळात चूक आहे. परवाना म्हणजे अभय. तो स्वामित्वाचा लेख नव्हे. पोर्तुगीजांचे कार्ताझ घेऊन फिरणारे जहाज काही पोर्तुगालचे होत नसे. त्या काळचे व्यापारी जेथे ज्याचा जोर तेथे त्याचा कागद दाखवीत, हे समुद्रावर सर्वांस ठाऊक होते, आणि किडसही असलेच पाहिजे.

आमचा जन्म संस्कृत शिकविण्यात गेला, म्हणून येथे धर्मशास्त्राकडे वळल्यावाचून राहवत नाही. गौतमाने स्वामित्वाची कारणे मोजली आहेत. वारसा, क्रय, वाटणी इत्यादि सर्वांस सामान्य; ब्राह्मणास दानाने मिळालेले अधिक, आणि क्षत्रियास जिंकलेले अधिक. किडची बाजू या शेवटच्या कारणावरच उभी राहू शकते. पण जिंकणे याचा अर्थ युद्धात जिंकणे. आलमगीर व विल्यम यांचे तेव्हा युद्ध नव्हते. उलट बादशहाच्याच फर्मानावर इंग्रजांच्या वखारी चालत होत्या. फ्रान्सशी युद्ध होते, तेही १६९७ च्या सप्टेंबरात तहाने मिटले होते. ती वार्ता हिंदी समुद्रात पोचण्यास महिने लागत, एवढी सवलत किडला द्यावी. तरी फ्रेंचांशी युद्ध असल्याने अर्मेनियनाचे रेशीम जिंकता येत नाही. शिवाय इंग्रजांच्या स्वतःच्या कायद्यानेही धरलेल्या जहाजाचा निवाडा आरमारी न्यायालयात झाल्यावाचून मालकी पालटत नाही. किडने निवाड्यापूर्वीच माल विकला. तेव्हा गौतमाकडून पाहा की लंडनकडून पाहा, मूळ धन्यांचे स्वत्व नष्ट झाले नव्हते.

पुढे कान्होजी आंग्र्यांचे दस्तक न घेणारी जहाजे मराठ्यांनी धरली, तेव्हा याच इंग्रजांनी त्यांस चाचे म्हटले, हेही जाता जाता नमूद करतो.

सुरतेस बातमी येताच गडबड उडाली. दोन-अडीच वर्षांपूर्वी, १६९५ त, बादशाही ‘गंज-इ-सवाई’ लुटले गेले होते. त्याची जखम ओली होती. मोगल अंमलदारांनी टोपीकरांचा व्यापार अडवून धरला व समुद्ररक्षणाचे करार लिहून घेतले. डचांनी तांबड्या समुद्राची, फ्रेंचांनी इराणी आखाताची आणि इंग्रजांनी दक्षिणेकडील समुद्राची राखण करावी, असे ठरले. ब्रह्मपुरीच्या छावणीस एवढे समाधान मिळाले. ज्याच्यापाशी आरमार नाही त्या सार्वभौमाने आपल्या रयतेच्या जहाजांची राखण ज्यांच्याविषयी तक्रार त्यांच्याच गळ्यात घातली.

आणि धनी? त्यांच्या वतीने कोजी बाबा नामक अर्मेनियन लंडनपर्यंत गेला व दाद मागता झाला. किडला २३ मे १७०१ रोजी वॉपिंग येथे फाशी दिले. खून व चाचेगिरी दोन्ही आरोप शाबीत धरले होते. चाचेगिरी ठरली म्हणजे माल चोरीचा ठरला, आणि चोरीचा माल धन्यास परत जावा, हे याज्ञवल्क्यापासून सर्वांस मान्य आहे. प्रत्यक्षात किडची मिळकत राजाकडे जप्त झाली, आणि तीतून आलेले सुमारे ६,४७२ पौंड अ‍ॅन राणीच्या कारकीर्दीत ग्रिनिच येथील खलाशांच्या इस्पितळास देण्यात आले.

जहाज किडने १६९९ त वेस्ट इंडीजमध्ये सोडले होते. २००७ साली सांतो दोमिंगोच्या बाजूस कातालिना बेटाजवळ उथळ पाण्यात तोफा व नांगर यांचा ढीग आढळला, आणि तो याच जहाजाचा असे इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी ठरविले. त्यांतील बहुतेक तोफा आता डोमिनिकन सरकारच्या संरक्षणाखाली तेथेच पाण्यात आहेत.