वाड्याच्या तुळईची भिंतफळी

थंड प्रदेशांत घरातील शेकोटीवर जाड लाकडी फळी बसविण्याची पद्धत आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवराकाठच्या कोल्हारसारख्या गावांत शेकोटी अंगणातच पेटते. तरीही वाडा पाडताना निघालेली सागवानी तुळई सरपणात न घालता तिची तशीच फळी दिवाणखान्याच्या भिंतीवर करता येते.

प्रथम जुने खिळे काढावेत. आत राहिलेला खिळा करवतीचे दाते मोडतो. वाळवीने पोखरलेला किंवा भुसा गळणारा भाग कापून टाकावा. रंधा हलकाच फिरवावा, म्हणजे जुन्या सुताराच्या वाकसाच्या खुणा टिकतात.

चार फूट लांब, आठ इंच रुंद व तीन इंच जाड फळीचे वजन सुमारे १२ किलो भरते. त्यामुळे चार इंची भिंत टाळावी. नऊ इंची भिंतीत, नुसत्या गिलाव्यात नव्हे तर विटेत, अँकर बोल्ट रुतवून लोखंडी ब्रॅकेट बसवावेत आणि पाणसळ तपासावी.

शेवटी जवसाचे तेल लावावे. तेलाने भिजलेले बोळे गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. ते उघड्यावर पसरून वाळवावेत. वाड्याचे लाकूड वाचवताना नवे घर धोक्यात येता कामा नये.