रुग्णाची जुनी नोंद
शीळफाट्याला कल्याण, मुंब्रा आणि पनवेल यांच्याकडील रस्ते मिळतात. तेथे 4 एप्रिल 2013 रोजी इमारत कोसळून 74 माणसे गेली. जखमींना कळवा, ठाणे येथील रुग्णालयांत नेण्यात आले. अपघात एक, दप्तरे अनेक! रुग्णाची नोंद म्हणजे निव्वळ कारकुनी, असे ज्यांस वाटते त्यांनी अशा रात्री बेशुद्ध माणसाचे नाव कोण लिहितो, ते पाहावे.

या नोंदीचा अलीकडचा इतिहास आम्हांला विचार करायला लावतो. मुंबईचे जे. जे. रुग्णालय 1845 सालचे. शतकाहून अधिक काळ तेथील नोंद कागदावरच होत आली. चालू शतकात राज्याने शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत संगणकप्रणाली आणली, तीही खासगी कंपनीकडे सोपवून. 2022 च्या जुलैत ती सेवा थांबली. यंत्रे मोडली नव्हती, कंत्राट संपले होते. निवासी डॉक्टर पुन्हा हाताने केसपेपर लिहू लागले आणि जुने अहवाल पाहणे अवघड झाले. पुढे केंद्राची ई-हॉस्पिटल प्रणाली आली.

वाळवी लागलेला कागद उरला तेवढा तरी वाचता येतो. संगणकातील नोंद तिच्या प्रणालीवाचून मुकी राहते. (कागदाचे गोडवे आम्ही गात नाही, डॉक्टरांचे अक्षर आम्हीही पाहिले आहे.) म्हणून नव्या कंत्राटात जुन्या नोंदी कोणत्याही प्रणालीला वाचता येतील अशा रूपात परत देण्याचे कलम आहे काय, हे नागरिकांनी विचारावे. 2021 साली देशभर सुरू झालेल्या योजनेतील 14 आकडी ‘आभा’ क्रमांक नोंदी जोडतो खरा. परंतु जुन्या प्रणालीत अडकलेली नोंद त्यालाही सापडावयाची नाही.