ग्रामसभा 'कोरमअभावी तहकूब' झाली, मग पुढे काय? लांजा तालुक्यातील मतदारांसाठी माहिती

लांजा : ग्रामपंचायतीच्या फळ्यावर 'कोरमअभावी सभा तहकूब' अशी नोटीस लागली की आपण म्हणतो, बरं झालं, एक दिवस वाचला. इथंच गाव फसतं. कारण तहकूब सभा पुन्हा बोलावली जाते तेव्हा कोरमची अटच राहत नाही. मग पंधरा-वीस माणसं बसून ठराव करतात आणि तो ठराव सगळ्या गावाचा धरला जातो.

कोरमचा हिशेब सोपा आहे. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी तो. म्हणजे 500 मतदारांच्या गावात 75 माणसं हवीत आणि 900 मतदार असले तर 100. कागदावर हे थोडंच वाटतं. पण आपल्याकडे यादीतली किती नावं मुंबईला असतात ते सांगायला नको! भांबेड, साटवली, प्रभानवल्ली कुठंही जा, वाड्या लांब लांब विखुरलेल्या. त्यात 15 ऑगस्टची सभा ऐन पावसात. म्हातारं माणूस डोंगर उतरून कार्यालयात येणार कसं?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 प्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा सगळ्यांना पाठ आहेत. नोटीस सात दिवस आधी लागली पाहिजे. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, ती कित्येकदा फक्त वहीतच होते. सरपंचांनी सबळ कारणाशिवाय सभाच घेतली नाही तर त्यांचं पदही जाऊ शकतं.

यातली सगळ्यात महत्त्वाची सभा कोणती विचाराल, तर आर्थिक वर्षाची पहिली. ती एप्रिल-मे या दोन महिन्यांतच घ्यायची असते आणि तीत मागच्या वर्षाचे जमाखर्च, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षणातले आक्षेप गावासमोर ठेवावे लागतात. योगायोग बघा, चाकरमानी गावात असतात तेही मे महिन्यातच. लग्न, पूजा, आंबे-काजू सगळं उरकतं, मग एक सकाळ सभेला द्यायला काय हरकत आहे? नाव गावच्या मतदार यादीत असेल तर मुंबईकर हाही ग्रामसभेचा पूर्ण सदस्य आहे. मुंबईच्या मंडळात किंवा गावकरांच्या बैठकीत रस्ता, नळ यावर कितीही चर्चा झाली तरी निधी ज्या आराखड्यातून येतो तो ग्रामसभेतच मंजूर होतो. देवळातला ठराव देवळात चालतो, पंचायत समितीत नाही.

आता पैशाचं. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीचा महाराष्ट्रात 80 टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीला देण्याचं ठरलं आणि उरलेला जिल्हा परिषद व पंचायत समितीत निम्मा-निम्मा. 2021-22 पासून त्यातला 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा असं बंधन आलं. ज्या वाडीला एप्रिलपासून टँकरची वाट बघावी लागते तिनं हा प्रश्न विचारलाच पाहिजे : या 60 टक्क्यांतून आमच्या वाडीत काय झालं? घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थीही ग्रामसभेसमोरच ठरायचे असतात. यादी परस्पर झाली असं वाटलं तर सभेतच हात वर करा आणि आक्षेप इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. नुसतं बोललेलं वाऱ्यावर जातं.

सभा झाल्यावर ठरावात शब्द बदलले अशी कुरकुर नेहमी ऐकू येते. त्यासाठी माहिती अधिकारात 10 रुपये भरून अर्ज करा, प्रत 2 रुपये पानाला मिळते. अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्यायचा. 2024 मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एक करून हे नाव दिलंय, तोंडात मात्र अजून 'भाऊसाहेब'च आहे. दाद मिळाली नाही तर लांजा पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्यायला विसरू नका.

लांजा शहरवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. तिथं नगरपंचायत असल्यानं गावासारखी ग्रामसभा होत नाही, प्रश्न नगरसेवकामार्फत किंवा लेखी अर्जानं मांडावे लागतात. वरची सगळी माहिती तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनाच लागू आहे.