पालथ्या मडक्याची कुळकथा

थंडी पडली की रायगडात पोपटी लागते. अलिबाग, पेण, रोह्याकडे लहानाचे मोठे झालेल्यांच्या आठवणींत पेंढा गोळा करणे आणि बांधावरचा भांबुर्डा उपटून आणणे हमखास असते. मडक्याच्या तळाशी हा पाला, त्यावर न सोललेल्या वालाच्या शेंगा, जाडे मीठ, ओवा, हवी तर अंडी किंवा मसाला चोळलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला दाबून मडके पालथे घालायचे आणि भोवती जाळ करायचा. वरून पाणी नाही, तेल नाही. आता वलसाडजवळच्या डुंगरीचे उंबाडियु पाहा: पापडी, कंद, रताळी, ओवा, रानपाला आणि मडके पालथेच! हे साम्य योगायोगाचे नाही, असे माझे ठाम मत आहे.

सुरती उंधियु आज कढईत शिजते, पण ‘पालथे’ हा अर्थ त्याच्या नावात टिकून आहे. त्यामुळे पोपटी ही गुजरातची उसनवारी म्हणण्याचा मोह होतो. पारशांचे मडक्यातले उंबारियु पुढे करून कुणी हे श्रेय संजाण-उदवाड्यालाही देईल. पण माणसांबरोबर पदार्थ गेला की मसाला आधी जातो. इथे नेमका तोच वेगळा आहे. उंबाडियुला हिरव्या लसणीचे वाटण, पाला कलार आणि कंबोईचा. पोपटीला नुसते मीठ-ओवा आणि भांबुर्डा. जुळतात ते वाल, हंगाम आणि मडक्याची ठेवण. रायगडात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल होतो. दक्षिण गुजरातही भाताचाच मुलूख आणि तिथली पापडीही थंडीतलीच. माझ्या मते ही रीत पिकाबरोबर पसरली. पोपटी आणि उंबाडियु ही सख्खी भावंडे आहेत, त्यांत आई कुणीच नाही.

यावर आक्षेप येईल की वाल वातुळ, म्हणून ओवा तर घरोघरी घालतात. आणि मडके पालथे घालणे कुणालाही सुचेल. ओव्यापुरते हे मान्य. पण मडके पालथे का, याचे उत्तर शेतातच मिळते. पेंढ्याचा जाळ भडकतो आणि लवकर विझतो. चुलीसारखी खालून सावकाश आच त्याला जमत नाही. मडके पालथे असले की जाळ चहूबाजूंनी आणि वरूनही लागतो. शेंगांची वाफ वर चढून बुडाशी कोंडते, तोंडचा पाला तिला सुटू देत नाही, आणि अर्ध्या तासात शेंगा शिजतात. चूल नाही, पाणी नाही, इंधन पेंढ्याचे आणि हाताशी ओल्या शेंगा, अशा जागेची ही युक्ती आहे. बटाटा आणि मिरची तर पोर्तुगीजांच्या मागून आली, म्हणजे दोन्ही मडक्यांतली ती नवी भरती. म्हणून पोपटी लावताना बटाटा नसला तरी चालेल, कोंबडी नसली तरी चालेल; पाला मात्र भांबुर्ड्याचाच घ्या, आणि तण म्हणून तो बांधावरून समूळ काढू नका.