लिव्हरपूलचा भाव

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली. लँकेशायरच्या गिरण्या मुख्यतः या दक्षिणेच्या कापसावर चालत. तो मिळेनासा होताच व्यापाऱ्यांची दृष्टी वऱ्हाड, खानदेश, धारवाड आणि गुजरात यांच्याकडे वळली. आपल्याकडील कापूस आखूड धाग्याचा. एरवी विलायतेचे गिरणीवाले त्याला नाक मुरडीत. आता तोच ते मागेल त्या किमतीस उचलू लागले. पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या किमतीपेक्षा आठ कोटी पौंडांहून अधिक प्राप्ती झाली, असा त्या काळचा हिशेब आहे.

हा पैसा गुंतवावा कशात? तो कंपन्यांच्या कागदांत शिरला. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन-कंपन्या होत्या. बॅकबेचा समुद्र हटवून जमीन काढू पाहणाऱ्या कंपनीचा पाच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. समुद्र मात्र होता तेथेच होता!

या साऱ्या इमल्याचा पाया एकच आकडा होता, आणि तो म्हणजे लिव्हरपूलच्या बाजारातील कापसाचा भाव. विलायतेचे टपाल आगबोटीने यावयास महिनाभर लागे. म्हणून बाजाराचे अनभिषिक्त राजे प्रेमचंद रायचंद हे येणाऱ्या बोटीकडे आधीच आपले मचवे पाठवून भाव काढून आणीत, असे सांगतात. अमेरिकेत लढाई लांबली की मुंबईत आनंद व्हावा आणि तहाच्या नुसत्या वावडीने पेढ्यांवरील चेहरे उतरावेत, असा तो विचित्र काळ होता. १८६५ च्या आरंभी इराणच्या आखातामार्गे विलायतेशी तारायंत्र जोडले गेले. सुदिन येण्याआधी या तारेने दुर्दिनच लवकर आणला.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. युद्ध संपत आल्याच्या सुगाव्याने कापूस आधीच उतरू लागला होता. आता तो कोसळला. मुदतीच्या सौद्यांचा हिशेब १ जुलैला चुकता करावयाचा होता. त्या दिवशी घेणारे पुष्कळ आणि देणारा कोणीच नाही, अशी स्थिती झाली. सर्वांनीच एकमेकांच्या कागदांवर पैसे उभे केले होते. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर पुढे ८७ रुपयांना विकला गेला. ही बँक काही सट्टेबाजांची पेढी नव्हे. तीत सरकारचे भांडवल होते. पण १८६३ च्या कायद्याने तिच्यावरील जुनी बंधने सैल केली आणि शेअर तारण घेऊन ती सढळ हाताने कर्जे देऊ लागली. तारण म्हणून ठेवलेला कागद आणि कर्ज काढून घेतलेला कागद एकच असला, तर तारण कसले? १८६८ मध्ये बँकेचा कारभार गुंडाळला गेला, आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या आयोगाने तिच्या व्यवहाराची चौकशी केली.

डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानालाही या वादळाची झळ लागली. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ उरली. प्रेमचंदांचे वैभव गेले. मात्र त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला.

घाटावर ही लाट उशिरा, पण अधिक कठोरपणे पोहोचली. पुणे व अहमदनगर हे कापसाचे जिल्हे नव्हेत. तथापि महागाई, गाडीभाडे आणि रेल्वेची कामे यांनी तेथेही पैसा खेळत होता. सावकार शेतकऱ्याला विनासायास कर्ज देत होता. त्या तेजीच्या भावांकडे पाहून सरकारने १८६७ पासून इंदापूर व आसपासच्या तालुक्यांत शेतसारा वाढविला. भाव मात्र पुढे उतरले. सारा उतरला नाही, व्याजही उतरले नाही. सावकारांनी हात आखडले आणि जुन्या कर्जरोख्यांवर हुकूमनामे मिळविले.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि खातेवह्या. हाती लागलेले कागद जाळण्यात आले, आणि हे लोण पुढे नगर जिल्ह्यात पोहोचले. त्याच साली ९ जुलैला मुंबईत शेअरदलालांनी आपली संघटना स्थापन केली. तीच आजचा मुंबई शेअरबाजार.