चूल कुणी घातली, गॅस कुणी आणला

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी आम्हाला विचारलं, "अहो, मिरजेचा इतिहास सांगायचा तर किल्ला आहे, पटवर्धन आहेत, अब्दुल करीम खाँसाहेब आहेत. हे मिक्सर आणि गॅस कुठून काढलं?" प्रश्न बरोबरच आहे. पण पटवर्धन काय जेवत होते हे आपण आवडीने वाचतो आणि ते शिजलं कशावर हे विचारत नाही. आज आपण तेच विचारणार आहोत. त्यातही एकच गोष्ट धरून चालू: स्वयंपाकघरात नवी वस्तू येते तेव्हा ती निवडतं कोण?

सुरुवात चुलीपासून करू. चूल विकत घ्यायची वस्तू नव्हती. कुंभाराकडे सुटी चूल मिळायची, ती उचलून परसात नेता यायची, हे खरं. पण स्वयंपाकघरातली कायमची चूल घरातली बाई स्वतः घालायची. चिकणमाती, शेण, बारीक भूस एकत्र मळायचं, दोन-तीन दिवस मुरू द्यायचं आणि आपल्या हाताने थापायचं. तोंड किती रुंद ठेवायचं? जळण तूरकाट्या आहे की बाभळीचं लाकूड, त्यावर. उंची किती? आपण पाटावर बसल्यावर हात कुठे पोचतो, त्यावर. वैल, कुणी त्याला अवल म्हणतं, ती केवढी? घरातलं आमटीचं पातेलं केवढं, त्यावर. म्हणजे वापरणारी आणि बनवणारी एकच. जमली नाही तर पावसाळ्यानंतर मोडून पुन्हा घालायची. आता या चुलीचं कौतुक करताना तिचा धूर विसरून चालणार नाही. डोळे गेले, छातीचे विकार झाले, आणि त्याची नोंद कुठल्या बखरीत नाही. पण आपल्या प्रश्नापुरतं बघा: निवड तिची होती.

पाटा-वरवंट्याचंही तसंच. वडार मंडळी घडवायची आणि दारावर घेऊन यायची. बाई दगडावर तळहात फिरवून बघणार, वरवंटा हातात धरून वजन बघणार, मग घासाघीस. दगड गुळगुळीत झाला की तो टाकवून घ्यायचा. टाकी लावणारी बाई दारात बसून ठकठक करायची आणि घरची बाई शेजारी उभी राहून सांगायची, इथे अजून दोन घाव घाल.

मिरजेच्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. आपल्याकडे तंबोरा असाच घेतला जातो. शिकलगार मंडळी मुळात हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात त्यांतले काही तंतुवाद्यांकडे वळले, आणि आज मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, 2024 सालापासून. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा येतो, पण गाणारा माणूस कारागिरासमोर बसून आपला सूर सांगतो, जवारी कशी हवी ते सांगतो. घेणारा आणि करणारा समोरासमोर. स्वयंपाकघरात ही बैठक मोडली कधी?

आमच्या मते ती स्टोव्हने मोडली. पंपाचा स्टोव्ह स्वीडनचा. प्राइमस निघाला 1892 साली. रेल्वे तोवर मिरजेला आलेली होती. रॉकेलचे डबे रेल्वेने येत आणि रिकामा डबाही वाया जात नसे. धान्य ठेवायला, पाणी तापवायला, झाकण लावून पापड ठेवायला तो वर्षानुवर्षं घरात राहायचा. स्टोव्ह दुकानात मिळायचा आणि दुकानात जायचे पुरुष. इथून पुढे वापरणारी एक आणि निवडणारा दुसरा, असं सुरू झालं.

आपल्या भागात गंमत अशी की घरगुती वस्तूंचे कारखाने आपल्याच उंबऱ्यावर होते. कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला 1916 मध्ये ओगल्यांचा काच कारखाना सुरू झाला. त्यांचा प्रभाकर कंदील कुणाच्या आजीच्या घरी नव्हता? लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर मात्र सुरुवातीला कुणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, असं शेतकरी म्हणत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. शेतकऱ्याची ही शंका किर्लोस्करांच्या प्रत्येक चरित्रात आहे. पुढे गॅस आल्यावर बायका म्हणाल्या, गॅसवरचं खाऊन पोटात गॅस होतो. याला मात्र आपण विनोद म्हणून हसलो. दोन्ही शंका एकाच जातीच्या आहेत: नव्या वस्तूने जुनं काय बिघडेल?

आणि बायकांची शंका अगदीच पोकळ नव्हती. स्टोव्हचंच बघा. हा शाळूचा मुलूख. भाकरी तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचं, उलटायची आणि मग चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी करून फुगवायची. स्टोव्हला निखारा कुठे आहे? थेट जाळावर धरली तर रॉकेलचा वास. त्यामुळे कित्येक घरांत स्टोव्ह आला तरी चूल गेली नाही. चहा, दूध, पाहुणा आला की पोहे, हे स्टोव्हवर, भाकरी चुलीवर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं लोक जुनाट आहेत. ज्वारीचं गणित त्याच्या लक्षात येत नाही. गॅसच्या ज्योतीवर भाकरी फुगते, वास लागत नाही, म्हणून गॅसने चुलीला हटवलं. स्टोव्हला ते पन्नास वर्षांत जमलं नव्हतं.

स्टोव्हचं आणखी एक प्रकरण आहे आणि ते गाळून पुढे जाणं आम्हाला बरं वाटत नाही. काकडा पेटवायचा, पंप मारायचा, पिन मारायची. यात खरे अपघात होत. पण सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात वर्तमानपत्रात एक ठरलेलं वाक्य यायचं, स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. स्टोव्ह नेमका सुनेच्याच हातात का भडकतो, सासूच्या का नाही, हा प्रश्न स्त्रियांच्या चळवळीने विचारला. त्यातून 1983 मध्ये 498 अ हे कलम आलं, 1986 मध्ये हुंडाबळीचं 304 ब. स्वयंपाकघरातली एक वस्तू गुन्ह्याची सबब म्हणून वापरली गेली. हुंडाबंदी कायदा 1961 चा. तरी पुढे मिक्सर, शेगडी, फ्रिज या वस्तू रुखवताशेजारी मांडल्या जाऊ लागल्या. त्या निवडल्या कुणी? मुलीच्या वडिलांनी, मुलाकडच्यांनी सांगितलेल्या कंपनीच्या.

आता गॅस. मुंबईत बर्मा शेलचा बर्शेन 1955 च्या सुमारास आला, इंडेन साठच्या दशकाच्या मध्यावर. आपल्याकडे गॅस म्हणजे आधी नंबर. नंबर लावायचा आणि थांबायचं, वर्षानुवर्षं. जोडणी कुटुंबप्रमुखाच्या नावावर, म्हणजे पुरुषाच्या. गॅस आला तसा ओटा आला, आणि पाटावर बसून स्वयंपाक करणारी बाई उभी राहिली. हा बदल आम्हाला दिसतो त्याहून मोठा आहे असं वाटतं. कंबरेला बरं झालं, कपड्याला पेट लागायची एक वाट बंद झाली; पण ओट्याची उंची मात्र गवंड्याने ठरवली. चुलीची उंची तिने स्वतः ठरवली होती. आजही ठेंगण्या बाया लाकडी पाटावर उभं राहून कणीक मळताना दिसतात, त्याचं मूळ इथे आहे.

विजेचं थोडक्यात सांगतो. कोयनेची वीज 1962 नंतर मिळू लागली, राज्य वीज मंडळ 1960 चं. वीज आली की मिक्सर. आणि मिक्सरची गोष्ट आपल्या प्रश्नासाठी मोलाची आहे. मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे अभियंते होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा परदेशी मिक्सर बिघडला. युरोपातलं यंत्र फळांचा रस काढायला ठीक. भिजवलेली डाळ, ओलं खोबरं, सुकी मिरची यांपुढे त्याची मोटर जळायची. माथुरांनी 1963 मध्ये कंपनी काढली आणि आपल्या वाटणाला पुरेल अशी मोटर बनवली. तो सुमीत. बाईच्या तक्रारीवरून यंत्र घडल्याचं हे उदाहरण. वडाराच्या टाकीसारखंच, फक्त कारखान्यात. अशी उदाहरणं शोधावी लागतात, इतकी थोडी आहेत.

तरी मिक्सरने सगळं घेतलं नाही. खर्डा घ्या. मिक्सरमध्ये मिरचीचा लगदा होतो, खर्डा होत नाही. तव्यावर परतलेली मिरची तांब्याच्या बुडानेच ठेचायची. आणि वर्षाची चटणी अजून कांडपालाच जाते. उन्हाळ्यात आपल्याकडे कांडपाच्या दुकानापुढे बायकांची रांग असते आणि प्रत्येकीची नजर आपल्याच डब्यावर असते, दुसरीची मिरची मिसळू नये म्हणून.

स्वयंपाक शिकवणाऱ्या पुस्तकांनाही या बदलाची दखल घ्यावी लागली. कुंडलला 1913 मध्ये जन्मलेल्या कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' 1970 मध्ये आलं. त्यात मापं वाटी-चमच्याची. नव्या सुनेला, परगावी एकटी संसार करणाऱ्या मुलीला शेजारी सासू नसताना चालेल असं ते पुस्तक होतं. अंदाजाची जागा मापाने घेतली.

फ्रिजबद्दल एवढंच की गोदरेजने तो 1958 मध्ये देशात बनवायला घेतला, आणि आपल्या घरांत तो कित्येक वर्षं बाहेरच्या खोलीत उभा होता. जुन्या फ्रिजला कुलूप असायचं. किल्ली कुणाच्या कनवटीला असायची हे ज्याने त्याने आठवावं.

मग बाईच्या हाती निवड परत आली का? आली, पण कंपन्यांनी दिली म्हणून नव्हे. भिशीने आली. दहा-बाराजणी महिन्याला ठरावीक रक्कम काढतात, चिठ्ठी निघते, जिची निघाली तिचा मिक्सर. ऊसबिल आलं की घरात मोठी खरेदी होते. पण ऊसबिल मालकाच्या खात्यावर येतं. भिशीचा पैसा बाईचा. त्यातून आलेली वस्तू ती स्वतः दुकानात जाऊन बघते, झाकण काढते, भांड्याची दांडी हलवून बघते, आवाज ऐकते, आणि दुरुस्ती मिरजेत होते का, हे विचारते. हा शेवटचा प्रश्न भारनियमन सोसलेल्या पिढीचा आहे. 2005 नंतरची काही वर्षं आठवा. वीज कधी जाणार त्याच्या वेळापत्रकावर इडलीचं पीठ ठरायचं.

सरकारी बाजूने 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली आणि जोडणी बाईच्या नावावर मिळू लागली. कागदावर हा मोठाच फरक आहे. पण पहिली टाकी योजनेतून येते, दुसरीचे पैसे घरातूनच जातात, आणि ते कुणाच्या खिशातून निघतात त्यावर चूल विझते की पुन्हा पेटते हे ठरतं. दरम्यान आपल्या सातारा जिल्ह्यात, फलटणला निंबकर संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांचे सहकारी कंदील आणि स्टोव्ह एकत्र करणारं उपकरण करत होते. पुण्याच्या आनंद कर्व्यांच्या संस्थेने मूठभर कोळशावर सगळा स्वयंपाक वाफेने शिजवणारा सराई कुकर काढला. ही कल्पना जुनी आहे. कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांचा इकमिक कुकर 1910 च्या सुमाराचा. चांगली वस्तू असूनही हे कुकर घराघरांत का गेले नाहीत? आमचा तर्क सांगतो, पटला तर घ्या: त्यात भाकरी होत नाही.

शेवटचं 2019 चं. त्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाखाली कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. मिरजेत कृष्णाघाटाकडे पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर रस्त्याकडेला जे ढीग लागले त्यांत फ्रिज, मिक्सर, पिठाच्या गिरण्या, चिखलाने भरलेल्या वॉशिंग मशीन होत्या. पितळेची भांडी, तवे, पाटे धुऊन पुन्हा मांडले गेले. त्यानंतर कित्येक घरांनी संसार दुसऱ्यांदा विकत घेतला, आणि या वेळी घाईत, जे मिळेल ते. काही घरांत मात्र आधी बायकांनी यादी केली: काय लगेच, काय दिवाळीनंतर, आणि काय आता घ्यायचंच नाही. अशा याद्या कुणी जपून ठेवल्या असतील तर आम्हाला हव्या आहेत. आणि पुढच्या व्याख्यानाला येताना घरातली जुनी पावती, वॉरंटी कार्ड, गॅसचं पुस्तक, जे सापडेल ते घेऊन या. नाव कुणाचं आहे ते आपण एकत्र बसून वाचू.